चोवीस पंचांची बैठक आणि मधली भिंत

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या गावाचं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही. पण तिथली एक पद्धत मात्र सांगण्यासारखी आहे.

त्या गावात चोवीस घरांचे चोवीस पंच होते. वर्षातून एकदा ते बसत आणि तळ्याचं पाणी कुणाच्या मळ्याला किती द्यायचं ते ठरवत. बैठक दरवर्षी नव्या घरी असे. नियम एकच होता: प्रत्येक पंचाच्या पाठीला भिंत हवी. जुन्या माणसांचं म्हणणं असं, की पाठ दुखायला लागली की माणूस न्याय करत नाही, नुसता उरकतो. मला विचाराल तर ते खरंच शहाणे होते.

ज्या घराला आपल्या पाळीला चोवीस जणांना भिंत देता येत नसे, त्या घराचं पंचपद जाई. मग त्याच्या मळ्याचं पाणी इतर लोक ठरवत.

त्या वर्षी पाळी म्हाळसाबाईची होती. नवरा गेल्यापासून ती आणि तिची मुलगी बकुळा दोघीच घरात होत्या, आणि घराचं पंचपद तिच्याकडे आलं होतं. त्यांचा पानमळा होता. विड्याच्या पानांचा वेल फार नाजूक. चार दिवस पाणी चुकलं की मान टाकतो. पंचपद गेलं तर मळा गेला, हे दोघींनाही न सांगता कळत होतं.

शेजारी शिदोजी होता. तोही पंचच, आणि पानमळ्याचं पाणी आपल्या उसाला मिळावं अशी त्याची फार दिवसांची इच्छा. तो एक दिवस दारात येऊन म्हणाला, "वहिनी, तुमची खोली ती केवढी. उगाच लोकांपुढे शोभा होईल. बैठक माझ्याकडे घ्या. मी यंदाच दोन खोल्यांची एक केली आहे. चारी बाजूंनी रुंद दारं काढलीत, वारा नुसता खेळतो."

"विचार करते," म्हाळसाबाई म्हणाली. बैठक त्याच्याकडे गेली की पंचपद गेलंच, हे तिला ठाऊक होतं. तिला रडू येत होतं, पण मुलीसमोर रडायचं नव्हतं.

तिने सटवाजी गवंड्याला बोलावलं. त्याने खोलीभर नजर फिरवली. "ही मागची भिंत पाडू. स्वयंपाकघर आत घेऊ. वर नवी तुळई टाकावी लागेल." मग त्याने जो खर्च सांगितला, तो पानं विकून गाडग्यात साठवलेल्या पैशांच्या तिप्पट होता.

तेवढ्यात बकुळा पाठशाळेतून आली. तिने सगळं ऐकून घेतलं. "सटवाकाका, तुम्ही खोली मोठी करायला निघालात. पण आपल्याला जमीन कुठे हवी आहे? आपल्याला भिंत हवी आहे."

"म्हणजे गं काय?"

"गुरुजींनी शिकवलंय. जमीन सारवायची असेल तर क्षेत्रफळ काढायचं. कुंपण घालायचं असेल तर परिमिती. पंच जमिनीवर बसणार, पण आपण मोजायची ती भिंत."

तिने दोरी घेतली आणि मोजायला लागली. खोली चौदा हात लांब, बारा हात रुंद. चारी भिंती मिळून बावन्न हात. दाराचे चार हात वजा केले, राहिले अठ्ठेचाळीस. मांडी घालून बसायला एका माणसाला दोन हात लागतात. अठ्ठेचाळीसला दोनाने भागलं, आले बरोब्बर चोवीस.

"आई, होतंय," ती म्हणाली. "फक्त भिंती मोकळ्या करायच्या."

मग मायलेकी कामाला लागल्या. धान्याची कणगी स्वयंपाकघरात ढकलली. बाज अंगणात काढली. भिंतीला टेकलेलं सगळं सटरफटर सामान माळ्यावर गेलं. गाडग्याला हातही लावावा लागला नाही. बकुळाने खडूने भिंतीलगत दोन-दोन हातांवर रेघा मारल्या, आणि मापं कशी जमली ते पाहायला दोघी एका कोपऱ्यात, एकेका भिंतीला टेकून, बसायला गेल्या.

बसल्या, आणि दोघींचे गुडघे एकमेकांवर आपटले.

कोपऱ्यात दोन भिंती भेटतात, तिथे दोन माणसं काही मावत नाहीत. एकाला उठावंच लागतं. चार कोपरे, म्हणजे चार माणसं कमी. राहिले वीस. कागदावर जमलेलं गणित जमिनीवर फसलं होतं. बकुळाचा चेहरा एवढासा झाला.

"राहू दे बाळा," आई म्हणाली. "शिदोजीला होकार कळवते."

"नाही कळवायचं," बकुळा म्हणाली. दोरी तिने सोडली नाही. "गणित चुकलं नाही आई, मी कोपरे विसरले. आता चार माणसांची भिंत शोधायची, एवढंच."

तिने खोलीचं चित्र जमिनीवर काढलं. पुसलं. परत काढलं. भिंतीलगत बसलेल्या माणसांच्या मांड्या दोन हात जागा घेणार. मध्ये मोकळी जमीन उरत होती, ती नुसतीच पडून. ती त्या मोकळ्या जागेकडे पाहत राहिली आणि मग हसली.

दुसऱ्या दिवशी तिने सटवाजीला सांगितलं, "काका, खोलीच्या मधोमध एक भिंत बांधा. चार हात लांब, एक हात जाड, दीड हात उंच."

सटवाजी तिच्याकडे बघतच राहिला. "खोली आधीच लहान, आणि तू आणखी भिंत घालतेस?"

"भिंतीला दोन बाजू असतात, काका. दोघं इकडून टेकतील, दोघं तिकडून. बसलेल्याच्या खांद्याएवढीच उंच, म्हणजे वरून सगळ्यांना सगळे दिसतील. बाजूने जायला दीड-दीड हात वाट राहते, मी मोजलंय."

"बरं. दोनशे विटा लागतील."

"अठ्ठेचाळीस. तुमची कच्ची वीट एक हात लांब, अर्धा हात रुंद, पाव हात उंच. एका थरात आठ बसतात, असे थर सहा. फुटतील म्हणून थोड्या जास्त घेऊ."

सटवाजीने बोटांवर हिशेब केला, मग मान डोलावली. गाडग्यातल्या पैशांत विटा आल्या, त्याची मजुरी भागली, आणि उरलेल्यात चुना आणून मायलेकींनी सगळी खोली पांढरी केली. मधल्या भिंतीला त्यांनी दोन्ही बाजूंनी गेरूचा पट्टा ओढला. गावभर मात्र हसं झालं. म्हाळसाबाईने खोलीत कुंपण घातलं म्हणे. म्हाळसाबाई ऐकून घ्यायची आणि सारवण चालू ठेवायची.

बैठकीचा दिवस आला. पंच एकेक करून आत येऊन भिंतीला टेकले. चारी भिंतींना वीस जण झाले. शेवटी थोरले पंच, आणखी दोघे आणि शिदोजी उभे राहिले. थोरल्यांनी मधली भिंत पाहिली, एका बाजूला टेकून बसले आणि पाय सैल केले. बाकीचे दोघेही बसले. उरली ती शेवटची जागा.

शिदोजी बसेना. "ही कसली भिंत?" तो कुरकुरला.

"बसून तर बघ," थोरले म्हणाले.

तो बसला. सगळी खोली त्याच्याकडे बघत होती.

"पाठ टेकली का?" थोरल्यांनी विचारलं.

शिदोजीने थोडं मागे सरकून पाहिलं. खोटं बोलायला जागा नव्हती. "टेकली," तो म्हणाला.

"मग बैठक सुरू."

म्हाळसाबाई आपल्या जागेवर भिंतीला पाठ लावून बसली होती. पानमळ्याचा विषय निघाला तेव्हा ती स्वतः बोलली. पंचांनी निवांतपणे ऐकलं, आणि मळ्याचं पाणी होतं तसंच राहिलं. बाहेर दाराआड उभ्या बकुळाने ते ऐकलं आणि तिचे डोळे भरून आले.

पुढच्या वर्षी पाळी शिदोजीची आली. दिवाणखाना केवढा तरी मोठा. पण चारी बाजूंना दारंच दारं, टेकायला भिंत उरली कुठे? निम्मे पंच मोकळ्या जमिनीवर अवघडून बसले. नियम सगळ्यांना सारखा होता. ज्या पंचपदाच्या जोरावर तो दुसऱ्याचं पाणी तोडायला निघाला होता, ते त्याच दिवशी गेलं, आणि त्याच्या उसाचं पाणी इतरांनी ठरवलं. त्यात म्हाळसाबाईचंही मत होतं.

तात्पर्य: आपल्याकडे काय कमी आहे म्हणून हातपाय गाळण्याआधी, आपल्याला नेमकं काय मोजायचं आहे ते ठरवावं.