तळ्याकाठचा डाव

फार फार वर्षांमागे डोंगरांच्या कुशीत एक तळं होतं आणि त्याच्या दोन काठांवर दोन राज्यं. पहाटेचं धुकं दुपारपर्यंत पाण्यावर तरंगत राही. पाणी कोणाचं, यावर तिथे लढाई होत नसे. दर बारा वर्षांनी बुद्धिबळाचा एक डाव मांडत. जिंकेल त्याचं पाणी. रीत एकच: शेवटची मात प्याद्याने दिली, तरच डाव जिंकला म्हणायचा.

अलीकडच्या काठाची राणी नवशिकी होती. डाव जवळ आला होता. दरबाऱ्यांशी ती रोज खेळे आणि रोज जिंके. दुसऱ्याच खेळीत तिचा वजीर बाहेर पडे, की दरबारी मुद्दाम हरत, तिची वाहवा करत आणि बक्षिसाची शाल पांघरून घरी जात. राणी हरली, तर तहानेने मरणार होती ती प्रजा. या भामट्यांना त्याचं काय?

आठ दिवस उरले असताना एका सकाळी राणी धुक्यातून काठाकाठाने चालत निघाली. एका कातळावर म्हातारी कोळीण जाळं विणत बसली होती. शेजारी कोळशाने आखलेला पट, त्यावर शिंपल्यांचे मोहरे. राणीने डाव मागितला. म्हातारीचं प्यादं वजिरावर चालून आलं, मग घोडा, मग उंट. वजीर पळत राहिला आणि पळता पळता सापडला.

"बाईसाहेब, तुमचा वजीर एकटाच धावतोय," कोळीण म्हणाली. "बाकीचं सैन्य जेवायला बसलंय का?"

राणीचे गाल तापले. असं तिच्याशी कोणी बोललं नव्हतं. ती उठली, तिने तळ्याकडे बघितलं आणि ती पुन्हा खाली बसली.

सात दिवस ती हरत राहिली. हरता हरता तिला पट दिसू लागला. मधली घरं धरली, की घोड्या-उंटांना वाट मिळते. राजाला आधी आडोसा लागतो.

"आणि प्यादं मागे फिरत नाही," म्हातारीने बजावलं. "सरकवण्याआधी समोरच्याची चाल बघा."

आठव्या दिवशी पलीकडच्या राजाने दुसऱ्याच खेळीत वजीर बाहेर काढला. त्याच्याही पदरी दरबारी होतेच. राणी हसली नाही. तिने एक घोडा काढला, मग दुसरा. धुकं विरलं तेव्हा तिचं एक साधं प्यादं त्याच्या राजाला शह देऊन उभं होतं, आणि राजाला सरकायला घर उरलं नव्हतं.

पाणी राहिलं. राणीने फर्मान काढलं: यापुढे ज्याला शाल हवी असेल, त्याने कातळावर जाऊन म्हातारीला हरवावं. त्या शालीची घडी अजून मोडायची आहे.

तात्पर्य: जो मुद्दाम हरतो, तो आपल्याला हरायलाच शिकवतो.