धाकूबाबा आणि दुसरी हाक

फार वर्षांपूर्वी, मोरतळीच्या खाडीवर पूल व्हायचं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, तेव्हा तिथं धाकूबाबाची होडी होती. पलीकडच्या काठावरून कुणी हाक मारली की धाकूबाबा "आलो" म्हणून ओ द्यायचा आणि वल्हं उचलायचा. दुसरी हाक मारायची वेळ त्यानं कुणावर आणली नाही.

त्याचं वय कुणालाच ठाऊक नव्हतं. गावातल्या म्हाताऱ्यांना त्यानं आयांच्या कडेवर असताना पार उतरवलेलं. असं म्हणतात, की यमाचा रेडासुद्धा पलीकडच्या काठावर येऊन उभा राहिला होता, पण त्याला हाक मारायची अक्कल नव्हती, म्हणून परत गेला. म्हणणाऱ्यांचं काय जातं? घर चालवायचं होतं ते सून मथुरेला.

त्या काठाचा एक नेम होता. हाकेला जो ओ देईल, होडी त्याची, आणि मरेपर्यंत त्यानं काठ सोडायचा नाही. मथुरेच्या नवऱ्यानं याच भीतीनं कधी ओ दिली नाही. तो गलबतावर चढला, तो परत आलाच नाही. मथुरेनंही तोंड शिवून घेतलं होतं. म्हातारा तापानं फणफणला की होडी तीच वल्हवायची, पण ओ मात्र अंथरुणातून त्यानंच द्यायची. लेक शेवंती उजवली की माहेरी भावाकडे जायचं, डोंगरावरच्या सड्यावरचे काजू राखत बसायचं आणि पाण्याचं तोंड बघायचं नाही, हे तिनं पक्कं केलं होतं.

पण शेवंतीचं लग्न ठरलं की म्हातारा मरायला टेकायचा. दरवर्षी. त्याला जमिनीवर घ्यायचे, तोंडात तुळशीपत्र ठेवायचे, नातेवाईक जमायचे, आणि सुतक येणार म्हणून लग्न पुढं ढकलायचे. तेवढ्यात पलीकडून हाक यायची. म्हातारा उठून बसायचा, तुळशीपत्र थुंकायचा आणि "आलो रे" म्हणत चालायला लागायचा. रडायला आलेली माणसं मग जेवून जायची. गावाला मोठं कौतुक. बाबा सत्पुरुष म्हणे. सत्पुरुषाचं अंथरूण कोण धूत होतं, ते कुणी विचारलं नाही.

शेवटी मुलाकडच्यांनी निरोप धाडला, की या खेपेला लग्न लागलं नाही तर आम्ही दुसरी मुलगी बघतो. मुहूर्ताचा दिवस उजाडला. दारात मांडव, आणि घरात म्हातारा पुन्हा आडवा. या खेपेला हातपायही गार.

मथुरा त्याच्या उशाशी वाकून म्हणाली, "मामंजी, आज नाही हं. उद्या जा, परवा जा, मी स्वतः पोचवते. आज नाही."

शेजारीण म्हणाली, कशाला जिवाला घोर लावतेस, हाक आली की उठतील, नेहमीचंच आहे.

हाक आली. वऱ्हाड ताशे घेऊन पलीकडे उभं होतं. म्हाताऱ्यानं डोळे उघडले, ओठ हलवले, पण आवाज फुटला नाही. मग दुसरी हाक आली, त्या काठानं कधी न ऐकलेली. असं म्हणतात, की झाडांवरचे सगळे बगळे एकदम उडाले. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी कानांत उतरलं. शेवंती हळदीच्या अंगानं दारात उभी. सगळे मथुरेकडे बघत होते, जागचं मात्र कुणी हलत नव्हतं.

मथुरेनं हातातला डाव आपटला, अंगणात आली आणि उभ्या जन्माचा राग काढावा तशी ओरडली, "आले! जरा दम धरा, मेल्यांनो!"

झालं. माहेरचे काजू तिथंच संपले. असं म्हणतात, की ओहोटीचं पाणी थबकलं आणि होडी फुलासारखी पलीकडे गेली. पाणीबिणी काही थबकलं नव्हतं. तळहातांची सालटी निघाली तिच्या. पण वऱ्हाड वेळेवर आलं आणि अक्षता पडल्या.

आणि म्हातारा? उठला. लाडू खाल्ला. मथुरेनं विचारलं, एवढी वर्षं छळलंत ते कशासाठी? तो म्हणाला, "तू ओ देत नव्हतीस. मी काय करू?"

बरं, मग तरी गेला का? छे. पुढं कितीतरी वर्षं काठावर बसून तिच्या वल्हवण्याला नावं ठेवत राहिला. हात असा का, होडी तिरकी का. मग एका दुपारी पलीकडून हाक आली, मथुरेनं ओ दिली, म्हातारा नुसतं "हं" म्हणाला, कुशीवर वळला आणि गेला. ती परतीच्या फेरीत त्याला सुनावायचे शब्द जुळवत आली, तर ऐकायला कुणी नव्हतं. असं म्हणतात, की तेव्हापासून ती होडीत एकटीच बडबडायची आणि मध्येच थांबायची, पलीकडून उत्तर यावं इतका वेळ.

आता तिथं पूल आहे. तरी मोरतळीत वऱ्हाड आलं की पुलाच्या पलीकडच्या टोकाला गाड्या थांबतात, ताशे बंद होतात, आणि नवरदेव धाकूबाबाच्या नावानं हाक मारतो. अलीकडच्या टोकाला गावातली सगळ्यांत वयस्कर सून उभी असते. पहिल्या हाकेला ती मुद्दाम गप्प राहते. दुसऱ्या हाकेला पदर खोचून ओरडते, "आले! जरा दम धरा, मेल्यांनो!" त्याशिवाय कुणी पुलावर पाऊल ठेवत नाही. व्याह्यांनी त्यावर हसायचं नाही, हाही नेमच आहे. हसलात तर पुन्हा पहिल्या हाकेपासून सुरुवात.