कडू धुऊन टाकणारी तोमेबाई

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे, बरं का. गळ्याशपथ. जपानच्या डोंगरात अगदी अश्शीच घडली, आणि घडताना बघणारी माणसं अजून हयात आहेत. म्हणजे हयात नाहीत, कारण गोष्ट चारशे वर्षांपूर्वीची. आणि बघायला तिथे कुणी नव्हतंही. पण खरी आहे. हसू नका. पाय पांघरुणात घ्या आधी. बाहेर राहिलेले पाय दिसले की गोष्टीतलं अस्वल ते मोजत बसतं आणि गोष्ट पुढे सरकत नाही.

तर एक होता राजा. तो होता आपल्या महालात. त्याला तिथेच राहू द्या, आपल्याला त्याचं काही काम नाही.

त्याच्या राज्याच्या पार टोकाला एक डोंगर होता. डोंगरावर सहा महिने बर्फ. बर्फ इतका, की माणसं माळ्याच्या खिडकीतून घराबाहेर पडत. त्या डोंगराच्या कुशीत एक सराई होती. सराई म्हणजे वाटसरूंनी उतरायची जागा. तीन खोल्या, जमिनीत खोदलेली एक चूल, आणि मागे गरम पाण्याचं कुंड. डोंगराच्या पोटातलं कढत पाणी पन्हळीने त्या कुंडात यायचं. वाटसरू आला की आधी कुंडात बसायचा, लालबुंद व्हायचा, मग जेवायला यायचा.

सराईची मालकीण होती तोमे. सगळे तिला तोमेबाई म्हणत. तिच्या नवऱ्याचं नाव गेनझो. दोघांनी कामं वाटून घेतलेली. गेनझो पाठीला करंडी बांधून डोंगरावर जायचा आणि रानभाजी आणायचा. वसंतात कोवळे कोंब, पावसात नेचे, शरदात अळंबी. तोमेबाई ते निवडायची, धुवायची, शिजवायची. तीस वर्षं तिने डोंगर शिजवला, पण डोंगरावर पाऊल कधी टाकलं नाही.

आणि गेनझोने भाजीची जागा तिला कधी सांगितली नाही. तिकडची रीतच तशी. आपली जागा कुणाला सांगायची नाही. शेजाऱ्याला नाही, पोटच्या पोराला नाही, बायकोला तर नाहीच. कुणी विचारलंच तर उलट्या दिशेला बोट दाखवायचं. त्यात कुणाला काही वाटायचं नाही.

आता त्या डोंगरावर बर्फ फोडून सगळ्यात आधी जी वर येते ती फुकीची कळी. हिरवी, गोल, मुठीएवढी. आणि कडू! आपली भारंगी आठवा. ती उकळून पाणी टाकून देतात तरी जिभेला चावते. फुकी तिची थोरली बहीण. तोमेबाई कळ्या चुलीतल्या राखेच्या पाण्यात एक रात्र भिजत घालायची. राख थोडं कडू ओढून घ्यायची, थोडं ठेवायची. तेवढं ठेवायचंच असतं, असं तिच्या सासूने सांगितलं होतं. का ठेवायचं ते मात्र सासूने सांगितलं नव्हतं.

मग एकदा काय झालं, शहरातून एक रेशमाचा व्यापारी आला. गुबगुबीत माणूस. त्याने फुकीचा घास घेतला आणि चेहरा असा केला, की जणू कुणी त्याच्या कानात बेडूक सोडलाय.

"बाई," तो म्हणाला, "सराई छान आहे. कुंड छान आहे. पण हे जे वाढलंय, ते जेवण आहे की औषध?"

तोमेबाई वरून हसली. आतून तिला तो घास अडकल्यासारखा झाला. तीस वर्षांत तिच्या हाताला कुणी नाव ठेवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने कळ्या दोनदा राखेत घातल्या. व्यापारी म्हणाला, "हं, आता माणसाचं जेवण झालं."

तिसऱ्या दिवशी तिने त्या तीनदा घातल्या. कडूपणाचा मागमूस राहिला नाही. व्यापाऱ्याने चार वाट्या खाल्ल्या. "वा!" म्हणाला. "लोण्यासारखी!" आणि त्याने खालच्या गावात निरोप धाडला, की वर या, भाजी खाऊन बघा.

मग काय! माणसांची रीघ लागली. तिन्ही खोल्या भरल्या, ओसरी भरली, दोघं जण तर कुंडातच बसून जेवले. तोमेबाईचा पाय जमिनीवर ठरेना. ती रोज गेनझोला म्हणायची, "अहो, आणखी आणा."

गेनझो म्हणायचा, "अगं, डोंगराला काही ठेवायचं की नाही?"

"डोंगर कुठे पळून चाललाय? आणा तुम्ही."

गेनझो आणायचा. बिचारा.

आणि मग एक विचित्र प्रकार सुरू झाला. जे पाहुणे ती भाजी खात ते झोपत. पहिल्या दिवशी उन्हं डोक्यावर येईपर्यंत झोपले. तोमेबाईला वाटलं, दमले असतील. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीपर्यंत झोपले. तोमेबाईला वाटलं, गाद्या मऊ आहेत. तिसऱ्या दिवशी ते उठलेच नाहीत. व्यापारी तिसऱ्या खोलीत घोरत होता, त्याच्या घोरण्याने छपरावरचा बर्फ घसरून अंगणात पडत होता, पण तो काही उठत नव्हता.

आणि गेनझोही उठला नाही. तो तर प्रत्येक भांड्यातला पहिला घास खायचा. आणणाऱ्याने आधी खायचं, मग पाहुण्याला वाढायचं, हीसुद्धा तिकडची रीत. विषारी अळंबी असतात ना, म्हणून. तोमेबाईला मात्र वाढता वाढता स्वतः खायला सवडच मिळाली नव्हती. तोमेबाईने त्याला हलवलं. हाका मारल्या. तोंडावर बर्फ चोळला. गेनझो झोपेत गोड हसला आणि कुशीवर वळला.

तोमेबाई धावत शेजारच्या इनेआजीकडे गेली. इनेआजीचं वय ब्याण्णव. ती आली, गेनझोची जीभ बाहेर ओढून बघितली, भाजीच्या भांड्यात बोट घालून चाखलं.

"कडू कुठे गेलं गं?"

"धुतलं, आजी."

"सगळं?"

"सगळं."

इनेआजीने कपाळाला हात लावला. "अगं येडे! हिवाळाभर झोप माणसाच्या हाडांत साठते. फुकीचं कडू तिला उठवून बाहेर काढतं, म्हणून तर ती बर्फातून आधी येते. तू कडू काढलंस आणि नुसती मऊ भाजी वर घातलीस. झोपेला उशी मिळाली!"

"मग आता?"

"कडू कळी आण, त्याच्या जिभेवर ठेव. पण लौकर. ऊन वाढायला लागलंय. आणखी दोन दिवसांत कळ्या फुलतील, फुललेल्या फुकीत कडू राहत नाही. मग हा पुढच्या वसंताला उठेल. उठला तर."

तोमेबाईने सगळ्या टोपल्या उलट्या करून बघितल्या. घरात कळी एकही नव्हती. होत्या त्या सगळ्या लोण्यासारख्या करून वाढल्या होत्या. आणि जागा ज्याला माहीत, तो घोरत पडलेला.

ती त्याच्या कानाशी वाकली. "अहो, फुकी कुठे मिळते?"

आणि गेनझो बोलला, बरं का! झोपेतच म्हणाला, "ओढ्यापलीकडे, मोठ्या देवदाराखाली."

तोमेबाई धावत गेली. देवदाराखाली एक दगड होता. बाकी काही नाही.

ती परत आली. "अहो, नीट सांगा."

"जुन्या कोळशाच्या भट्टीपाशी," गेनझो म्हणाला.

तिथे कमरेएवढा बर्फ. तो उकरताना तिची नखं निळी पडली.

तिसऱ्यांदा तिने विचारलं तेव्हा तिच्या आवाजात रडू होतं. गेनझो म्हणाला, "देवळामागे." तोमेबाई देवळामागे गेली. तिथे इनेआजी काठीने जमीन टोकरत होती.

"तुम्ही इथे कशा, आजी?"

"मला तुझ्या नवऱ्याने अकरा वर्षांपूर्वी हीच जागा सांगितली होती," इनेआजी म्हणाली. "अधूनमधून येऊन बघते."

तर असा तो गेनझो. झोपेतसुद्धा रीत मोडली नाही.

तोमेबाई देवळाच्या पायरीवर मटकन बसली. एक दिवस तर गेलाच होता. तिने आपल्या हातांकडे बघितलं. या हातांनी तीस वर्षं भाजी निवडली होती. आणि मग हळूहळू तिला उमगायला लागलं. डोंगरावर ती कधी गेली नव्हती, पण डोंगर रोज तिच्या मोरीत येत होता. अळंबीच्या मुळाशी लाल माती असायची. नेच्यांना शेवाळ चिकटलेलं असायचं. आणि फुकी? फुकीच्या देठात काळी वाळू. धुताना तिला एक वास यायचा, उकडलेल्या अंड्यासारखा. तो वास कुठला? अहो, घरच्याच कुंडाचा! म्हणजे जिथून कढत पाणी जमिनीबाहेर येतं, तिथे बर्फ आधी वितळतो, आणि तिथेच फुकी आधी येते.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिने भाताचा गोळा फडक्यात बांधला, त्यावर मिसोचा एक गोळा ठेवला. मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला खारट लगदा, आपल्या चटणीसारखा तोंडी लावतात. कमरेला सुरी खोचली आणि पाण्याच्या पन्हळीमागून वर वर निघाली. एक कडा चढली. दोन कडे चढली. तिसऱ्या कड्यावर वाफा दिसल्या. काळी वाळू दिसली. आणि वाळूत शेकडो कापलेले देठ. गेनझोने सगळं नेलं होतं. फक्त एका दगडाच्या आडोशाला एकच कळी उरलेली.

आणि त्या कळीसमोर एक अस्वलीण डोळे चोळत बसली होती.

तोमेबाई गोठली. अस्वलीण तिच्याकडे बघून म्हणाली, "दर वर्षी तीनातली एक कळी माझी असते. तुझा माणूस न चुकता सोडतो. यंदा त्याने माझ्याही नेल्या. चोरटा."

खोटं बोलून चाललं असतं. अस्वलीण अर्धवट झोपेत होती. पण तोमेबाई म्हणाली, "त्याने नाही. मी मागितल्या. माझी हाव."

अस्वलिणीने मागच्या गुहेकडे बघितलं. मग म्हणाली, "माझं पिल्लू आत झोपलंय. मी सवयीने उठले, त्याला अजून सवय नाही. तुझं कोण झोपलंय?"

"नवरा."

"नवरा होय! माझा तर गेल्या पावसाळ्यापासून दिसलेला नाही. मी काही कळी घेऊन हिंडत नाही त्याच्यामागे."

"माझा रोज दिसतो हो," तोमेबाई म्हणाली. "त्याची सवय झालीय."

कळी एक. झोपलेले दोन. अस्वलीण कळीकडे सरकली. तोमेबाईने पटकन हात जोडले. "एकाच घासात खाऊन टाकू नका. मला दोन मिनिटं द्या. मी स्वयंपाकीण आहे."

तिने कळी खुडली, सपाट दगडावर ठेवली आणि बारीक चिरली. इतकी बारीक, की वारा आला असता तर उडाली असती. राख नाही, पाणी नाही, काही धुणं नाही. त्यात मिसो कालवला आणि दगडावरच वाटला. एका कळीचा वाटीभर लगदा झाला. अस्वलांना हे ठाऊक नसतं. ती अख्खं खातात.

अर्धा लगदा तिने पानावर काढून दिला. अस्वलिणीने जिभेच्या टोकाने चाखला आणि तिचं तोंड पार कानापर्यंत वाकडं झालं.

"बाई गं!" ती म्हणाली. "अख्खी कळीसुद्धा एवढी कडू लागत नाही."

तिने ते पान गुहेत नेलं. थोड्या वेळाने आतून एक शिंक ऐकू आली. मग दुसरी. मग गुहेच्या तोंडातून एक काळं नाक बाहेर आलं. तोमेबाई उरलेला अर्धा घेऊन उतारावरून पळत सुटली.

घरी येऊन तिने तांदळाच्या दाण्याएवढा लगदा गेनझोच्या जिभेवर ठेवला. काही नाही. दुसरा ठेवला. कपाळाला आठी पडली. तिसरा ठेवला तसा गेनझो ताडकन उठून बसला.

"अगं, किती कडू हे! भाजी धुतलीस की नाही?"

तोमेबाईने बाहीने डोळे पुसले आणि धूर फार झालाय म्हणाली. चूल केव्हाची विझलेली होती.

मग तिने एकेका पाहुण्याच्या जिभेवर दाणा दाणा ठेवला. सगळे तोंडं वाकडी करत उठले. रेशमाचा व्यापारी सगळ्यात शेवटी उठला. त्याने ओठ चाटले, विचार केला आणि म्हणाला, "बाई, जरा आणखी वाढा."

पुढच्या वसंतापासून करंडी तोमेबाईच्या पाठीवर गेली. ती तीनातली एक कळी न चुकता सोडून यायची, आणि कळ्या एकच रात्र राखेत ठेवायची. गेनझो चुलीपाशी बसला. त्याचा पहिला भात करपला, दुसरा चिकट झाला, तिसरा पाहुण्यांनी खाल्ला. भांडीही तो आपणहून घासायचा. न सांगता. अस्वलीण आपल्या पिल्लाबरोबर सुखात राहिली, सराईतले सराईत सुखात राहिले, आणि सगळ्यांना भूक लागेल तेव्हा जाग यायची.

आता तुम्ही विचारणार, यातलं खरं किती. अस्वलीण बोलली ते खरं. गेनझो झोपेत थापा मारत होता तेही खरं. घोरण्याने बर्फ पडला तो तर मोजून खरा. एवढंच रचलेलं आहे, की गेनझो भांडी आपणहून घासायचा. ते मात्र तिसऱ्यांदा सांगावं लागायचं.

चला, तुमच्या हाडांत झोप साठलीय. मिटा डोळे.