वासाला जागा द्या!

"एवढ्याशा पाटीत अख्ख्या दरबाराचा वास मावला? थापा! कसा मावला ते डोळ्यांनी दाखव, नाहीतर तुझी गाढवावरून धिंड!" साळोबा कोळसेवाल्यावर राजा गुरकावला. गाढव तर दारात उभंच होतं!

झालेलं असं. राजाच्या मेव्हण्याने कोकणातून पोतंभर सुके बोंबील आणले. राणीला मासळीचा तिटकारा, म्हणून राजाने ते सिंहासनाखाली लपवले. असला घमघमाट, की दरबारातला पोपट बेशुद्ध! साळोबाने कोळशाची एक पाटी ठेवली अन् दोन दिवसांत वास गायब.

साळोबाची पोरगी ठमी पुढे झाली. "मी दाखवते! हे दोनशे दरबारी द्या. आता हे सगळे म्हणजे बोंबलाचा वास."

"मी? वास?" प्रधान भडकला.

"तुम्हाला तर काही वेगळं करायलाच नको, प्रधानजी! ऐका. ढोल वाजला की आंधळ्यासारखं भटकायचं. भिंत लागली की पाठ चिकटवायची. एका जागी एकच, अंगावर अंग नाही!"

ढोल वाजला. धडाधड टकरा! साठ जण चिकटले, भिंत भरली. सेनापतीला शिंक आली, तो सुटला. लगेच राजवैद्याने त्याची जागा पटकावली!

"हरलीस!" राजा ओरडला. "बाकीचे मोकाट फिरतायत!"

"अहो, ही नुसती भिंत म्हणजे गुळगुळीत धोंडा. कोळसा आतून बघा, बिळंच बिळं!"

तिने बापाच्या कोळशाच्या गाड्यावरून बांबूचे तट्टे आणवले अन् दरबारभर उभे केले. गल्ली, बोळ, बोळात बोळ! "तट्ट्याच्या दोन्ही बाजू म्हणजे पण भिंतच!"

परत ढोल. या वेळी दोनशेच्या दोनशे चिकटले. मधे चिटपाखरू नाही! दरबार तेवढाच, पण चिकटायला जागा केवढी!

राजाला राहवेना. मुकुट सावरत तोही बोळांत घुसला. इथे धडक, तिथे धडक. "अगं, मी कुठे चिकटू?"

"जागा संपली, महाराज! पाटी भरली. आता दरबारात एकच वास मोकळा फिरतोय... तुम्ही!"

राजा असा खदखदला, की चार तट्टे कोसळले अन् प्रधान सुटला!

"धिंडीचं गाढव साळोबाला बक्षीस! चांदीच्या घुंगरांसकट! अन् ठमे..." राजा सिंहासनाखालचं पोतं ओढत कुजबुजला, "हे बोंबील पण त्यावर लाद. पळ! राणीसाहेब येतायत!"