आंबळीचा कोंडलेला महादेव

माणदेशाच्या उघड्या माळावर आंबळी नावाचे एक लहान गाव आहे. गावाबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी, महादेवाचे दगडी देऊळ आहे. भिवगीर महाराजांनी देहाची अखेरची वर्षे या देवळाच्या ओवरीत घालवली. त्या काळी ते फारसे बोलत नसत. कुणी आपले दुःख सांगू लागले की डोळे मिटून ऐकत, आणि सांगणारा थांबला तरी बराच वेळ तसेच बसून राहत. माणसे म्हणत, महाराज दमले आहेत. खरेच दमले असतील. इतक्यांचे ऐकून घेणाऱ्याला विसावा कुठून मिळावा? त्या दमलेल्या दिवसांतली ही कथा आहे, भाविकहो, सावकाश ऐकावी.

म्हाळाप्पा ठिलारी आणि त्याची बायको कोंडाबाई ही दोघे माळावर खिल्लार राखून होती. खिल्लार म्हणजे पांढऱ्या, उंच शिंगांच्या गाईंचा कळप. दर सोमवारी ती दोघे दर्शनाला येत, महाराजांपुढे दुधाचा तांब्या ठेवीत आणि उंबऱ्याबाहेर बसत. त्यांना अभंग येत नव्हते. आत टाळ वाजू लागले की म्हाळाप्पा मान हलवी, कोंडाबाई हात जोडून बसे, आणि आरती झाली की दोघे माळाकडे परतत.

त्यांच्या घराण्यात एक रीत होती. घरातली बाई वारली की त्यानंतर जन्मणाऱ्या पहिल्या कालवडीला तिचे नाव द्यायचे. पूर्वीच्या एका दुष्काळात म्हाळाप्पाचा पणजा बालाघाटाकडून उपाशी गुरे हाकत इकडे आला. वाटेत त्याची म्हातारी आई गेली. तिला मूठमाती देऊन तो पुढे निघाला आणि दुसऱ्या मुक्कामी गाय व्याली. त्या कालवडीला त्याने आईच्या नावाने हाक मारली, तेव्हापासून ही रीत पडली. पुरुषांची नावे मात्र खोंडांना कुणी ठेवीत नसे. खोंड बाजारात विकले जातात. बापाचे नाव कुणी बाजारात न्यावे? म्हणून त्या घराण्यातले पुरुष विसरले गेले आणि बायका राहिल्या. दिवस मावळता म्हाळाप्पा गाईंना हाका मारी, त्या त्याची आजी, आई, आत्या आणि थोरली बहीण यांच्याच नावाच्या असत.

त्या दोघांना एकच मूल झाले होते. पुतळा नावाची मुलगी. ती अंगणात धावू लागली आणि तापाने गेली. त्या वर्षीच्या कालवडीचे नाव पुतळा. आता ती गाय वयात आलेली, गाभण होती. कोंडाबाईने तिला कधी काठी लावली नाही, की लोकांदेखत कधी कुरवाळले नाही.

मग पाऊस गेला. पहिल्या वर्षी गेला, दुसऱ्या वर्षीही फिरकला नाही. माळ खरवडल्यासारखा दिसू लागला. बाकीचे ठिलारी गुराखी आपापली गुरे घेऊन कृष्णाकाठी निघून गेले. ही दोघे मागे राहिली, कारण पुतळा चालेना. म्हाळाप्पाने एका सोमवारी महाराजांना विचारले की एका गाईसाठी सगळे खिल्लार मारावे, की सगळ्या खिल्लारासाठी तिला मागे टाकावे. घरात यावर बोलणे होत नाही, असेही त्याने सांगितले. बायको ऐकून घेते आणि दुसऱ्याच कामाला लागते.

महाराजांनी डोळे उघडले. म्हणाले, "दमलेल्या माणसानं असा निवाडा करू नये, म्हाळाप्पा. मीही दमलोय. पुढच्या सोमवारी खिल्लार इकडूनच घेऊन जा. तिला चालवेल तेवढी चालू दे."

त्या सोमवारी ती सगळी देवळापाशी आली. गाईंच्या बरगड्या दुरून मोजता याव्यात अशा झाल्या होत्या. देवळाच्या उत्तरेला, जिथे गाभाऱ्यातले अभिषेकाचे पाणी दगडी गोमुखातून बाहेर पडते, तिथे भिंतीच्या सावलीत पुतळा गुडघे टेकून बसली ती उठेना. उपासाने बसलेले जनावर उठत नाही, हे गुराख्याला सांगावे लागत नाही. म्हाळाप्पा तिच्या शेपटाशी उभा राहिला आणि कोंडाबाई तोंडाशी बसली.

नेमका त्याच दिवशी गावाने महादेव कोंडायचे ठरवले होते. पाऊस दडी मारतो तेव्हा गोमुख चिखल-चिंध्यांनी बुजवून गाभारा पाण्याने भरतात आणि पिंडी बुडवून ठेवतात. देवाचा जीव गुदमरला की तो पाऊस सोडतो, अशी समजूत. गावात पाणी उरले होते ते फक्त बापूसाहेब इनामदारांच्या विहिरीत. त्यांच्या गड्यांनी रेड्यांच्या पाठीवरच्या पखालींतून सकाळपासून पाणी आणून गाभाऱ्यात ओतले होते. आज पाऊस आला तर तो इनामदारांच्या पाण्याने आला, असे गाव म्हणणार होते, आणि बापूसाहेबांना ते आत्ताच ऐकू येत होते.

म्हाळाप्पाने जाऊन गाईसाठी घागरभर पाणी मागितले. बापूसाहेब पायरीवर उभे होते. ते देवाचे पाणी आहे, जनावरांचे नव्हे, असे सांगून ते लोकांकडे वळून हसले. "काय रे म्हाळाप्पा, तुमच्यात आजी मेली की गाय होते, पोर मेली की गाय होते. मग तू मेल्यावर काय होशील? बैल होऊन माझ्याच मोटेला लागशील बघ!"

लोक हसले. म्हाळाप्पाही थोडा हसला. फार दमलेला माणूस हसतो तसा. मग परत जाऊन तो गाईच्या शेपटाशी उभा राहिला.

गाभारा भरला. दार लावून सगळी मंडळी समोरच्या मंडपात भजनाला बसली. मागे कोंडाबाई होती. तिने वर पाहिले, तर गोमुख चिखलाने लिंपलेले. आता तिला कुणी दोष देऊ नये, भाविकहो. दुष्काळात ठिलारी कधी गावात नसतच. देव कोंडतात हे तिने जन्मात पाहिले नव्हते. तिला एवढेच ठाऊक होते की पाण्याची वाट बुजलेली दिसली तर ती आधी मोकळी करायची आणि मग विचारायचे. डोंगरातले झरे तिच्या घराण्याने असेच जागे ठेवले होते. ती उठली, गोमुखात कोपरापर्यंत हात घातला आणि चिखल, चिंध्या ओढून काढल्या.

पाणी तिच्या अंगावरून खाली कोसळले. खालच्या दगडी डोणीत ते साठू लागले आणि कळपातल्या साऱ्या गाई एकमेकींना रेटत डोणीशी आल्या. कोंडाबाईने ओंजळीने पुतळेच्या तोंडात पाणी घातले.

आवाज ऐकून मंडळी धावत मागे आली. ओला दगड आणि पाणी पिणाऱ्या गाई पाहून सगळे जागीच थबकले. मग बायकांमधून कुणीतरी रडत म्हणाले की गावाचा पाऊस वाहून गेला. म्हाळाप्पाने डोक्याचे मुंडासे काढून जमिनीवर ठेवले. बापूसाहेबांचा चेहरा काळवंडला. हे खिल्लार दिवस मावळायच्या आत शिवेबाहेर गेले पाहिजे, आणि ही गाय आत्ताच्या आत्ता ओढून ओढ्यात टाका, असा त्यांनी हुकूम दिला. गड्यांनी पुतळेच्या पायांना दोर बांधला. कोंडाबाई तिच्या मानेवर आडवी पडली.

तेव्हा भिंतीला हात लावत, थांबत थांबत महाराज तिथवर आले. गाईजवळ बसले आणि दोरावर हात ठेवून म्हणाले, "बापूसाहेब, आधी आत जाऊन बघा."

"काय बघायचं महाराज? रिकामा गाभारा?"

"रिकामा असेल तर हा दोर मी ओढीन."

बापूसाहेब आत गेले. अंधारात पायऱ्या उतरू लागले. खाली चिखल असेल अशा हिशेबाने त्यांनी धोतर उचलून धरले होते. पण पाऊल पाण्यात पडले. पुढच्या पायऱ्या उतरले, पाणी मांड्यांना लागले. पिंडी बुडालेली होती. भिंतीपलीकडे गोमुखाची धार त्यांना स्पष्ट ऐकू येत होती, तरी पाणी दगडावरच्या एका रेघेला लागून स्थिर होते. ते ओसरेल म्हणून बापूसाहेब वाट पाहत उभे राहिले. ते ओसरले नाही. त्यांनी ओंजळ भरून तोंडाला लावली. त्यांच्या विहिरीचे पाणी मचूळ होते, उन्हाळ्यात कोमट होई. हे गार होते, गोड होते. ज्या पाण्याच्या जिवावर सकाळपासून ते पायरीवर उभे होते, त्यातला एक थेंबही इथे उरला नव्हता.

त्या दिवशी पाऊस आला नाही. तो पुढे आपल्या वेळेने आला, आणि तोवर गोमुख वाहत राहिले. गाव प्याले, गुरे प्याली, वाटसरू प्याले.

बापूसाहेब ओल्या धोतराने बाहेर आले. गड्यांना त्यांनी दोर सोडायला लावला आणि महाराजांच्या पायांवर डोके ठेवू लागले. महाराजांनी पाय मागे घेतले. "माझ्याकडे कशाला? तुम्ही देवाला कोंडलंत, या बाईनं सोडवलं. मी तर नुसता बसून होतो."

तेव्हा साऱ्या गावासमोर इनामदार कोंडाबाईपुढे वाकले. एवढा मोठा माणूस आपल्यापुढे वाकलेला तिने कधी पाहिला नव्हता. पण तिच्या मनात त्या क्षणी एकच गोष्ट होती.

ती म्हणाली, "वाकलायसाच, तर तिच्या पोटाखाली हात घाला, बापूसाहेब. आमच्या दोघांच्यानं ती उठायची न्हाई."

बापूसाहेबांनी शेणात गुडघे टेकून गाईच्या पोटाखाली दोन्ही हात घातले. पलीकडून म्हाळाप्पाने खांदा लावला. कोंडाबाई गाईच्या कानाशी जाऊन हलकेच म्हणाली, "ऊठ पुतळे, जायचंय आपल्याला." गाय थरथरली, मागच्या पायांवर उभी राहिली, मग पुढच्या. ती आपल्या बळावर सावरली आणि डोणीकडे निघाली, तरी इनामदार होते तिथेच, वाकलेले राहिले.