मातीखालचा मासा

फार फार जुनी गोष्ट आहे. समुद्रापलीकडच्या एका राज्यातली शंभर माणसं गलबतातून एका अनोळखी किनाऱ्यावर उतरली. त्यांना तिथे नवं गाव वसवायचं होतं.

आल्या आल्या त्यांनी घरून आणलेले गहू पेरले. आपल्या मुलखात पेरतात त्याच दिवशी आणि अगदी तसेच. त्या खाऱ्या मातीत गहू कुजले. हिवाळ्यात निम्मी माणसं गेली. उरलेली रोज समुद्राकडे डोळे लावून बसू लागली. राजाचं गलबत धान्य घेऊन येणार होतं म्हणे. राजाला यांची आठवण तरी होती की नाही, देव जाणे.

त्यांत एक सुतारीण होती. तिचा नवरा हिवाळ्यातच गेला होता. लेक राहिली होती, पण तिच्या हातापायांच्या काड्या झाल्या होत्या. ही जगेल ना, या एकाच धास्तीने ती बाई आपल्या वाटणीचा घासही लेकीला भरवी.

एके सकाळी रानातली एक म्हातारी टोपलीभर मक्याचे दाणे घेऊन आली. म्हणाली, "हे खाऊ नका, पेरा. प्रत्येक आळ्यात एक मासा पुरा. इथली माती भुकेली आहे, आधी तिला जेवू घाला."

गावचा मुखिया हसला. "मका आम्ही गुरांना घालतो. आणि उपाशी माणसांनी मासे पुरायचे? आता रानातली माणसं आम्हाला शेती शिकवणार!"

गुरांचे ते दाणे मग सगळ्यांनी भाजून खाल्ले.

सुतारणीने मात्र आपल्या वाट्याचे पेरले. दिवसभर पाण्यात उभं राहून धरलेले थोडे मासे तिने पुरायला आणले.

"आई, एक तरी दे ना," लेक म्हणाली.

तिने एक दिला, बाकीचे पुरले आणि तोंड फिरवून रडली. म्हातारीने दाखवलेल्या कंदमुळांवर आणि शिंपल्यांवर मायलेकींनी दिवस काढले. आळ्यांपाशी ती काठी घेऊन बसे. तिला कुत्र्यांपेक्षा शेजाऱ्यांची भीती जास्त वाटे.

तीन महिन्यांनी कणसं भरली. गलबत आलंच नाही. लेक दारात बसून कणीस खात होती, तेव्हा मुखिया टोपी हातात घेऊन आला.

"बाई, थोडं बी मिळेल का?"

"मिळेल. पण पेरायचं कसं, ते त्या आजीला विचारा. हात जोडून विचारा."

मुखिया रानाच्या वाटेला लागला. त्याच्या मागे चालायला आता अकराच माणसं उरली होती.

म्हणून सांगतो, परमुलखात घरचा ताठा पेरला, तर उपासच उगवतो.