एकेचाळीस रकान्यांचा नवरदेव

"उद्या दुपारपर्यंत माझ्या कावेरीसाठी एकही खोट नसलेलं स्थळ दाखव, नाहीतर परवापासून कामावर येऊ नकोस!" गुळाचे व्यापारी अंबादासशेठ कडाडले.

शेठ वधूवर मंडळाचे अध्यक्ष, आणि यमुना तिथला संगणक सांभाळणारी. पंक्चरवाल्याची लेक; घरची चूल तिच्याच पगारावर पेटायची.

"शेठ, दोनशे बारा मुलगे दाखवले की!"

"दोनशे बाराही खोट असलेलेच दाखवलेस! एकाचं नाक मोठं, एकाची आत्या भांडकुदळ! आणि ऐक, यादीतलं अक्षर पुसायचं नाही, फिरवायचं नाही. प्रत्येक मुलाच्या माहितीचे एकेचाळीसच्या एकेचाळीस रकाने जागेवर राहिले पाहिजेत!"

झाली का पंचाईत! एकेचाळीस रकान्यांत देव बसवला तरी कुठेतरी अडणारच. कृष्ण सावळा, गणपतीचं पोट सुटलेलं, शंकराला तर राहायला धड घर नाही!

यमुना तडक शेठाणींकडे गेली. चहा प्याली, एक जुना कागद मागून घेतला आणि गालात हसत परतली.

दुसऱ्या दिवशी शेठ आले, मागोमाग शेठाणीही.

"या शेठ, नवं स्थळ आलंय. नाव तेवढं शेवटी सांगते."

पडद्यावर चारच रकाने होते. निर्व्यसनी. कष्टाळू. आईवडिलांना जपणारा. एकतीस गुण जुळतात.

"वा! हा खरा हिरा! काढा मुहूर्त!" शेठ उभेच राहिले. मग डोळे बारीक झाले. "थांब. बाकीचे सदतीस कुठं गेले? पुसलेस?"

"छे! नुसते झाकलेत." यमुनेनं माऊसचं उजवं बटण दाबलं. रकान्यांची यादी उघडली, दिसणाऱ्या चार रकान्यांपुढे बरोबरच्या खुणा. त्या चार खुणा हटवल्या, दुसऱ्या पाच रकान्यांपुढे केल्या. "हे बघा, त्याच मुलाचे दुसरे रकाने."

उंची पाच फूट एक इंच. शिक्षण दहावी, दोनदा नापास. जमीन पाऊण एकर. चष्मा जाड. इतर माहिती: झोपेत घोरतो.

"अरारारा! या भिकारड्याला पोरगी द्यायची? असल्याला माझ्या ओट्यावरसुद्धा चढू देणार नाही! कोण आहे हा बुटका?"

शेठाणींनी पदर तोंडात कोंबला.

यमुनेनं 'नाव' या रकान्यापुढे खूण केली.

अंबादास विठोबा कोरपे.

"तुमच्या लग्नाच्या वेळचा कागद संगणकात भरलाय, शेठ," यमुना म्हणाली. "काकूंनी जपून ठेवलेला. अक्षर न अक्षर जसंच्या तसं!"

शेठांचा चष्मा नाकावरून घसरला. "अगं, मग हिनं मला पसंत केलं तरी कसं?"

"काकूंनी पहिले चारच रकाने उघडले होते, शेठ! सगळे उघडले असते, तर तुम्ही अजून आमच्याच यादीत असता!"

शेठ असे खदखदून हसले की पोट धरून खुर्चीतच बसले. डोळे पुसत म्हणाले, "बोलाव कावेरीला! कुठले रकाने बघायचे ते तीच ठरवेल. आणि तुझा पगार दुप्पट, पोरी! वर दिवाळीला गुळाच्या पाच ढेपी!"